सुटली

नेकनूरच्या अलीकडच्या एका खेड्यात उत्तरेश्वरचं शिंदी पिणं सोडवायला सगळं गणगोत जमलं, तेव्हा कुणीच मागे राहिलं नाही. थोरले भाऊ विठ्ठलराव बोलले, तेलगावचा मेहुणा बोलला, ज्याला बोलता येत नव्हतं तो खाकरला. शेवटी मारुतीपुढे उत्तरेश्वरचा हात त्याच्या बायकोच्या, सत्यभामेच्या डोक्यावर ठेवला आणि शिंदीला शिवणार नाही अशी शपथ वदवून घेतली. मोडली तर ती मरणार. डोकं तिचं, शपथ त्याची आणि समाधान विठ्ठलरावांचं. तिला कुणी विचारलं नाही. मग सगळे जेवले आणि गेले.

त्यानंतर त्या घराकडे कुणी फिरकलं नाही. उत्तरेश्वरला कापरं भरायचं, अंथरूण घामानं भिजायचं आणि सत्यभामा एकटीच त्याला धरून बसायची. गुत्त्यावरचे सोबती त्याला टाळू लागले. पारावरच्या सज्जनांच्या लेखी तो अजून पिदाडच होता. मग तो खळ्यात एकटा बसे. ती भाकरी घेऊन गेली की एवढंच म्हणे, “सुटली म्हण.”

ज्याच्या डोक्यावर शपथ, त्यानं ‘सुटली’ म्हटलं की ती सुटते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सत्यभामा म्हणत नसे. तो रागवत नसे, मुकाट्यानं भाकरी खाई. दुसरं बोलणं त्यांच्यात उरलं नव्हतं. तरी तिला बरं वाटे. आपण मरू नये म्हणून हा माणूस जीव मारून राहतोय, एवढं तिच्यासाठी कधी कुणी केलं नव्हतं.

त्या साली मानमोडीचा ताप आला. घरोघर माणसं मरू लागली आणि सत्यभामाही अंथरुणाला खिळली. शपथ मोडल्याबिगर हे व्हायचं नाही, असं विठ्ठलराव उंबऱ्याबाहेरूनच बोलून गेले. गावानंही तेच धरलं. शेजारणींचा ताप देवाचा, हिचा तेवढा शिंदीचा. अशा शहाण्यांपुढे कुणी डोकं फोडावं?

उत्तरेश्वर वाकून तिला पेज पाजत होता. तिनं विचारलं, “पिलात का?”

“न्हाई.”

आधीची कित्येक वर्षं तो याच तोंडानं ‘न्हाई’ म्हणत आला होता. सत्यभामेला मरायचं नव्हतं. ती फार भ्याली होती.

“सुटली,” ती म्हणाली.

त्यानं वाटी खाली ठेवली. “म्या पिलो नव्हतो गं,” एवढंच म्हणाला आणि तिचं पांघरूण नीट केलं. ताप उतरेपर्यंत तो तिच्या उशाशी बसून होता. मग एका दुपारी उठला आणि गुत्त्याकडे गेला.

गाव म्हणालं, बघा, ‘सुटली’ म्हटली आणि ताप उतरला, शब्दाचा गुण. विठ्ठलरावांनी मारुतीला नारळ फोडला.

दिवेलागणीला उत्तरेश्वर परतला आणि तिच्या शेजारी आडवा झाला. आंबूस वासानं घर भरलं. इतक्या महिन्यांत ती हा वास विसरूनच गेली होती. पेज पाजताना त्याचं तोंड तिच्या तोंडाशी आलं होतं, आणि तेव्हा त्याला कसलाच वास नव्हता.

“तुमी पिला नव्हता,” ती म्हणाली. तिनं त्याला हलवलं, पुन्हा तेच म्हणाली. तो घोरत होता. दारात कुणी असतं तर तिनं त्यालाही हेच सांगितलं असतं.