एक जोडी, दोन कीपर

परदेश दौऱ्यावर दुसरा कीपर म्हणून जाणं म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. पहिला कीपर धडधाकट असेपर्यंत त्याला कुणी विचारत नाही, आणि त्याला घरी ठेवून जायची कुणाची छातीही होत नाही. काका असाच तिसऱ्यांदा आला होता. वय चौतीस, म्हणून टीममधली पोरं त्याला काका म्हणायची. देशासाठी खेळलेले कसोटी सामने शून्य. पहिल्या कीपरचं वाईट त्याने कधी चिंतलं नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

आणि शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, साध्या सरावात पहिल्या कीपरचं बोट मोडलं.

"काका, उद्या तुम्ही," एवढंच कॅप्टन म्हणाला. काकाने खोलीत जाऊन बायकोला फोन लावला आणि "अगं, अगं" एवढंच म्हणत राहिला.

"अहो, बोला की! काय झालं?"

"उद्या खेळतोय."

पलीकडे बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मग बायको सावरली. "आता आधी सगळं सामान नीट बघून घ्या. तुमचं काही खरं नाही."

बायका उगाच बोलत नाहीत. काकाने बॅग उपसली आणि मटकन खाली बसला. ग्लोव्हज नव्हते.

कीपरचे ग्लोव्हज घामाने भिजतात आणि त्यांना जो वास सुटतो तो फक्त कीपरलाच सहन होतो. काकाचा खोलीतला जोडीदार, एक फास्ट बोलर, स्पष्ट सांगायचा, "एक तर ते राहतील, नाहीतर मी." म्हणून काका आपल्या दोन्ही जोड्या खिडकीबाहेर वाळत घालायचा. आधीच्या गावच्या हॉटेलातही घातल्या होत्या आणि तिथेच राहिल्या. इथे आल्यापासून सरावातही कुणी त्याला उभं केलं नव्हतं, म्हणून ते कळलंच नाही. त्याने तिथे फोन केला. वासावरून काय समजायचं ते समजून सफाईवाल्याने त्या फेकून दिल्या होत्या.

पहिल्या कीपरने आपले देऊ केले, पण त्याचे हात नाजूक आणि काकाचे सुपाएवढे. अंगठासुद्धा आत जाईना. शेवटी दुकानातून कोरे आणले. कोरे ग्लोव्हज म्हणजे नुसता छळ. ते मुरायला आठवडे लागतात, तोवर बॉल त्यात बसत नाही, आपटून बाहेर येतो. हातातोंडाशी आलेला घास आपल्याच वेंधळेपणाने जाणार, या विचाराने काकाला धड झोप लागली नाही.

सकाळी मैदानावर सरावाला उभा राहिला तर तेच. एक बॉल सुटला, दुसरा सुटला. यजमानांचा कीपर पलीकडे दोरीजवळ उभा राहून बघत होता. आडव्या बांध्याचा गडी, पंजेही काकासारखेच सुपाएवढे. त्याची टीम त्याला पहिलवान म्हणायची. तो चालत आला, काकाचा हात धरला आणि ग्लोव्ह दाबून बघितला.

"हे काय, फळ्या बांधल्यास का हाताला? तुझे कुठे आहेत?"

काकाने सगळं सांगितलं. पहिलवान पोट धरून हसला. कीपरच तो, त्याला कळायला वेळ लागला नाही.

"माझे घे."

"आणि तू?"

"अरे, तू कीपिंग करशील तेव्हा मी बॅटिंग करत असेन, नाहीतर वर पॅव्हेलियनमध्ये बसलेलो. दोघं एकदम कधी उभे राहणार आपण?"

इतकी साधी गोष्ट, आणि कुणाच्या डोक्यात आली नव्हती. पहिलवानाच्या कॅप्टनने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "आता बॅटही देऊन ये," तो म्हणाला.

"मागितली तर देईन," पहिलवान म्हणाला.

पाहुण्यांनी आधी बॅटिंग केली. काकाने बॅटने काही दिवे लावले नाहीत. डाव संपला तसा पहिलवान जिन्यापाशी थांबला आणि त्याने ग्लोव्हज काकाच्या हातात दिले. आतून ओलेगच्च, गरम, आणि वास असा की काकाला घरी आल्यासारखं वाटलं. पहिला बॉल अलगद आत येऊन बसला. त्याच दुपारी बॅटची कड लागलेला एक कॅच त्याने उजवीकडे झेप घेऊन पकडला, आणि मनातल्या मनात पहिलवानाचे आभार मानले. नंतर तर डाव बदलला की दोघं जिन्यावर नुसते भेटायचे. एकाचे हात मोकळे व्हायचे, दुसऱ्याचे भरायचे.

शेवटच्या दिवशी यजमानांची शेवटची जोडी उरली होती आणि जिंकायला थोडे रन हवे होते. खेळत होता पहिलवान. सकाळपासून खिंड लढवत होता. सगळं स्टेडियम त्याच्या नावाने घसा फोडत होतं. स्पिनरने बॉल उंच टाकला, पहिलवान पुढे सरसावला, बॉल वळला आणि बॅट हुकली. काकाला विचार करायला वेळ मिळाला असता तर काय झालं असतं कोण जाणे. हातांनी विचारलंच नाही. बेल्स उडाल्या तेव्हा पहिलवान क्रीजच्या बाहेर होता.

पोरांनी काकाला खांद्यावर घेतलं. त्याला आनंद झाला, पण खांद्यावरूनही तो मान वळवून पहिलवानाकडेच बघत होता.

ग्लोव्हज घेऊन तो यजमानांच्या ड्रेसिंग रूमच्या दारात गेला. आत सुतकी शांतता. पहिलवान पॅड बांधूनच बाकावर बसला होता. काकाने जुळवून ठेवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"तुझेच ग्लोव्हज," तो कसाबसा म्हणाला, "आणि तुलाच..."

पहिलवानाने मान वर केली. डोळे लाल होते. "मग काय सोडायचं होतंस? सोडलं असतंस ना, तर हे दिल्याचा मला पश्चात्ताप झाला असता."

काका दारातून आत आला. "चौतीस वर्षांत एक सामना मिळाला रे मला. पुढचा मिळेल असं वाटत नाही. हा मिळाला तो तुझ्यामुळे. जन्मभर विसरणार नाही."

पहिलवानाने बाकावरची आपली बॅट उचलून खाली ठेवली आणि तो बाजूला सरकला. काका त्या जागेवर बसला. शेजारच्या, पाहुण्यांच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू येत होता, कुणीतरी डबा बडवत होतं. थोड्या वेळाने काकाचा कॅप्टन त्याला शोधत आला.

"काका, इथे काय करताय? फोटो काढायचाय, सगळे थांबलेत तुमच्यासाठी!"

"तुम्ही घ्या काढून," काका म्हणाला. "मी जरा बसतो इथे."