सात शिक्के आणि दोन विटा

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडाची, तळ रबराचा आणि तळावर उलट्या अक्षरांत एकच शब्द, 'तपासले'. मला हातात खुशाल घ्या. बोटं निळी झाली तर मात्र घरी माझं नाव सांगू नका.

माझा जन्म एका गल्लीतल्या छोट्याशा दुकानात झाला. कारागिरानं एकाच दिवशी माझ्यासारखे सात जण घडवले. आम्ही सातही भाऊ एका डब्यात बसून एका भल्यामोठ्या कचेरीत आलो. कितीतरी देश मिळून चालवत अशा एका संस्थेची ती कचेरी. पाण्याची टंचाई असेल तिथे हातपंप बसवायचे, हे तिचं काम. इमारत तळमजल्यासकट सात मजल्यांची, म्हणून आम्ही सात. माझ्या वाट्याला तळमजला आला.

मला वापरायचे ते शिक्केकाका. माणूस एकदम सज्जन. दर शनिवारी माझ्या अक्षरांत अडकलेली शाई ते दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढायचे. आणि हात काय बसला होता त्यांचा! मिनिटाला चाळीस कागद. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले की आमच्या टेबलापाशी थांबायचे आणि म्हणायचे, "हा आमचा सगळ्यात वेगवान विभाग." मी आपला फुगून बसायचो. मिनिटाला चाळीस कागद तपासून कसे होतात, हे पाहुण्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

खरं सांगतो, काका कागद वाचतच नसत. वर सहा मजले आहेत, कुणीतरी वाचेल, असं त्यांना वाटे. मधल्या मजल्यांना वाटे, खाली तपासलंय आणि वरही तपासतील. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे मोठे साहेब आधीचे सहा शिक्के बघून निर्धास्त होत आणि सातवा ठोकत. मग कागद कपाटात जाई. मी मात्र प्रत्येक कागदावर तोंड टेकवायचो, त्यामुळे वाचायचो मी एकटाच. पण शिक्क्याचं कोण ऐकणार?

एकदा लांबच्या एका शाळेतल्या मास्तरीणबाईंचं पत्र आलं. शाळेतल्या पंपाचा दांडा उंच आहे, लहान मुलांचा हात पोचत नाही, खाली दोन विटांची पायरी करू का, एवढंच त्यात विचारलं होतं. परवानगीशिवाय पंपाला काही जोडलं तर संस्था पंप उचलून नेते, असा नियम होता ना! पत्रावर सात शिक्के बसले आणि ते कपाटात गेलं.

दुसऱ्या वर्षी पत्र आलं, की पहिलीतली एक मुलगी दांड्याला लोंबकळली, पडली आणि तिचा हात मोडला. आता छोटी मुलं मोठ्यांचा वर्ग सुटेपर्यंत तहानलेली बसतात. पुन्हा सात शिक्के. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या वर्षी बाईंनी लिहिलं, "पहिल्या पत्रातली मुलं आता उंच झाली आहेत. आपण दिलेल्या वेळाबद्दल आभार. परंतु पहिलीत नवीन बुटकी मुलं आली आहेत."

त्याच सुमारास सगळ्या देशांनी ठरवलं, की या संस्थेच्या कामावर कुणीतरी बाहेरून लक्ष ठेवायला हवं. त्यांनी एक निरीक्षकबाई नेमल्या. सातही मजल्यांचे धाबे दणाणले. खुर्च्या पुसल्या, कपाटं आवरली. बाईंनी खुर्च्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी आवरलेल्या कपाटातून एक कागद काढला. ते नेमकं मास्तरीणबाईंचं तिसरं पत्र होतं.

त्या काकांच्या टेबलापाशी आल्या. "काका, हा तुम्ही तपासलात?"

"शिक्का माझाच आहे, बाई."

"ते दिसतंय. यात काय लिहिलंय?"

काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "वाचला नाही. एकोणीस वर्षांत एकही नाही वाचला."

"खरं बोललात, बरं केलंत," बाई म्हणाल्या. "आता बसा आणि वाचा."

काकांनी आधीची दोन पत्रंही कपाटातून मागवली आणि तिन्ही वाचली. चष्मा काढून डोळे पुसले आणि स्वतःच ती पत्रं घेऊन जिना चढले. सगळ्यात वरच्या मजल्यावर मोठे साहेब म्हणाले, "अहो, खाली सहा शिक्के होते ना!" आणि बोलता बोलता त्यांचंच तोंड उतरलं.

पुढच्या आठवड्यात सभागृहात सगळ्या देशांचे प्रतिनिधी जमले. काकांच्या खिशात मीही होतो. निरीक्षकबाईंनी भाषण केलं नाही, फक्त तिसरं पत्र वाचलं. प्रतिनिधी कानांना यंत्र लावून आपापल्या भाषेत ऐकत होते. त्यामुळे हशा एकदम पिकला नाही. आधी डावीकडे पिकला, मग मागे, मग उजवीकडे, जसजसा अनुवाद पोचला तसतसा. मग बाईंनी दुसरं पत्र वाचलं, आणि सभागृह तसंच टप्प्याटप्प्यानं शांत होत गेलं.

दोन विटांची परवानगी सगळ्यांनी हात वर करून दिली. शिवाय नवा नियम झाला. सातांऐवजी एकच शिक्का. आणि शिक्का मारण्याआधी, पत्रात काय मागितलंय आणि आपण काय केलं, हे स्वतःच्या हातानं लिहायचं. माझे सहा भाऊ आरामात निवृत्त झाले. काका आता दिवसाला चाळीस कागद करतात आणि संध्याकाळी मजेत घरी जातात.

परवा शाळेतून पाकीट आलं. आत मास्तरीणबाईंच्या चार ओळी होत्या आणि एका चिमुरडीनं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "मी पाणी काढलं. आधी बाईंना दिलं." काकांनी ते मोठ्यानं वाचलं. वरच्या मजल्यांवरून माणसं खाली आली, मोठे साहेबसुद्धा. प्रत्येकानं कागद हातात घेऊन स्वतः वाचला. माझी आठवण कुणालाच झाली नाही. पॅडवरची शाई वाळली, आणि मी इतका खूश कधीच नव्हतो.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्याही हातात एखादा शिक्का येईल. तो उचलण्याआधी कागद वाचा. पलीकडे कुणीतरी तहानलेलं बसलेलं असतं.