शू-रॅकशी दोन हात

रविवारी सकाळी मी नव्या शू-रॅकला लाथ मारली. रॅकला काही झालं नाही. माझ्या पायाची करंगळी मोडली.

मी शौनक, वय बेचाळीस, राहणार मुलुंड. ताणाखाली शांत कसं राहावं, हे कंपन्यांमध्ये जाऊन शिकवतो. हसून घ्या. गेल्या वर्षी मला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि आवेग आवरता न येणं, असल्याचं निदान झालं, तेव्हा माझी बायको रेवती म्हणाली, "बरं झालं. मला वाटायचं, तू नुसताच हट्टी आहेस."

रॅक सुट्या भागांत आला होता. कागदावरचं चित्र आणि हातातली फळी काही केल्या जुळेनात. वरच्या मजल्यावर ड्रिल चालू होतं, टी-शर्टचं लेबल मानेला टोचत होतं, स्क्रू पुन्हा पुन्हा निसटून सोफ्याखाली जात होता. तेवढ्यात रेवती सहज म्हणाली, "अरे, फळी उलटी धरलीयस."

एवढंच. पण लहानपणी मी काहीही करायला घेतलं, की बाबा मागे उभे राहून म्हणायचे, "शेंबड्या पोरालाही जमेल हे." मला रेवती नाही, बाबाच ऐकू आले. मग लाथ.

दवाखान्यात डॉक्टर शीतल यांनी विचारलं, "कशाने लागलं?"

"फर्निचर."

"पायावर पडलं?"

"नाही. मीच गेलो त्याच्याकडे."

त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. बहुतेक हसत असाव्यात.

एक्स-रेसाठी बाकावर बसलो असताना रेवती म्हणाली, "मी बोलले म्हणून चिडलास ना?"

"तुझ्यावर नाही गं. फळी उलटी धरली म्हणजे मी मूर्ख, मग बिनकामाचा, मग सगळ्यांच्या डोक्याला ताप. एका सेकंदात तिथे पोचतो मी."

"हे मला कसं कळणार? तू असं तोंड करतोस, तेव्हा मला वाटतं, ह्याला माझा कंटाळा आलाय."

"कधीपासून वाटतं?"

"लग्न झाल्यापासून."

बाहेरच्या लोकांना मी ह्याच विषयावर स्लाइड्स दाखवतो.

दोन-तीन दिवसांनी आंघोळीआधी, पायाचं बँडेज भिजू नये म्हणून मी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधत होतो. ती फाटली. दुसरीही फाटली. कान तापायला लागले. मी बाथरूममधूनच ओरडून सांगितलं, "रेवती, मला आता राग येणारे. तुझ्यावर नाही."

बाहेरून तिने विचारलं, "किती वेळ चालेल?"

"माहीत नाही."

"बरं. मग मी भाजी घेऊन येते."

ती खरंच गेली. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो आणि पिशवीला मनसोक्त शिव्या दिल्या. ती परत आली तेव्हाही मी तिथेच होतो, कोरडाच.

"झाली आंघोळ?"

"नाही."

"काही फोडलंस?"

"नाही."

"मग उद्या कर," ती म्हणाली, आणि बाथरूमचं दार उघडून तिथेच फतकल मारून मेथी निवडायला बसली. मीही चार काड्या घेतल्या.