पेटीवरचे कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसते ती. जपानमधल्या एका कारखान्यात माझी काच घासली गेली, पण माझे खरे आयुष्य गेले मुलुंडमध्ये, काशीराम फोटोग्राफरांच्या हातात. बारशी, लग्ने, शाळेतले वर्गाचे फोटो, सारे आम्ही दोघांनी मिळून पाहिले. रडके मूल समोर आले की काशीराम जीभ काढून दाखवत, ते मूल हसे आणि मी ते हसू टिपत असे. त्यांची वाईट खोड एकच. माझ्यावर धूळ बसली की ते सदऱ्याच्या टोकाने पुसत. त्याचा एक बारीक ओरखडा अजून माझ्या अंगावर आहे. मला तो आवडतो.

दसऱ्याला मला पाटावर बसवत. त्यांच्या पत्नी मथुराबाई माझ्या कडेला हळदकुंकू लावत, झेंडूचे फूल वाहत. दुसऱ्या दिवशी काशीराम पुटपुटत ते कुंकू ब्रशने झाडून काढत आणि आम्ही कामाला निघत असू.

पाच वर्षांपूर्वी काशीराम गेले. मथुराबाईंनी मला त्यांच्या रुमालात गुंडाळून चामड्याच्या पेटीत ठेवले आणि पेटी लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. "हिला कुणी हात लावायचा नाही," म्हणाल्या. दसरा आला की पेटी बाहेर निघे. मला वाटे, आता झाकण उघडेल. पण त्यांचा हात धजत नसे. त्या पेटीलाच कुंकू लावत, नमस्कार करत आणि पुन्हा आत ठेवत. पाच दसरे असेच गेले. बाहेर माझी पूजा चालली होती आणि आत माझ्या काचेवर बुरशी चढत होती. फार एकटे वाटे मला.

यंदा त्यांच्या मनात आले की ही वस्तू कुणाच्या तरी कामी यावी. शेजारच्या हेमांगीने मोबाईलवर जाहिरात टाकली. 'जिवापाड जपलेली' हे शब्द मथुराबाईंनी मुद्दाम लिहायला लावले.

जाहिरात वाचून घाटकोपरहून तेजल आली. पोरगी पंचविशीची, बोलायला फटकळ, पण मला हातात घेण्याआधी हात धुऊन आली. तिने मला कानाशी धरून हलवले, आत काही सुटे वाजते का ते ऐकले. माझे कडे फिरवून पाहिले. मग मागून मोबाईलचा दिवा लावून ती माझ्या आरपार बघू लागली. पाच वर्षांनी उजेड मिळाला आणि मला तोंड लपवावेसे वाटले. ही नाही म्हणाली तर माझी रवानगी भंगारात, हे मला ठाऊक होते.

"काकू, खोटं नाही सांगत," तेजल म्हणाली, "आत बुरशी लागलीय."

"कशी लागेल? मी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही."

"म्हणूनच लागली ना. चामड्याची पेटी ओल धरते. आत उजेड नाही, हवा नाही."

मथुराबाईंनी मला तिच्याकडून घेतले आणि त्या दिव्यासमोर धरून पाहिले. "म्हणजे मीच हिची वाट लावली."

"मुद्दाम थोडीच लावलीत?" तेजलने दिवा विझवला. "काठालाच आहे. साफ होईल, डाग थोडा राहील. मी घेते. गोराईला मासळी सुकवणाऱ्या बायकांचे फोटो काढतेय मी, त्यांच्यासाठी हवी आहे."

मथुराबाईंनी मला तिच्या हातात दिले, पण आपला हात काढून घेतला नाही. काशीराम गेल्यापासून त्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या पुढे गेल्या नव्हत्या. हेमांगीने बोलावून बोलावून शेवटी नाद सोडला होता.

"जाशील तेव्हा मला नेशील का गं?" त्यांनी विचारले.

तेजल क्षणभर गोंधळली. "चला की. पण ऊन असतं हां तिथे."

"असू दे," मथुराबाई म्हणाल्या.

घाटकोपरच्या चंद्रप्रकाश नावाच्या कारागिराने मला खोलून साफ केले. पुढच्याच रविवारी आम्ही तिघी होडीतून गोराईला गेलो. मथुराबाई पदर घट्ट धरून बसल्या होत्या. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. थोड्या वेळाने पाहते तर काय, बाई एका कोळणीशी सुकटाच्या भावावरून हुज्जत घालत होत्या. तेजलने मला त्यांच्याकडे वळवले आणि पाच वर्षांनी मी पहिला फोटो टिपला. एका कोपऱ्यात तो जरा धूसर आला, माझ्या डागामुळे. पण मथुराबाईंचा चेहरा मधोमध आहे, आणि भांडता भांडता त्या हसत आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरात जपून ठेवलेले काहीतरी असेल. त्याला अधूनमधून उन्हात काढा. वापरा, ओरखडा पडला तरी चालेल. आणि घरात कुणी माणूस मिटून बसले असेल, तर त्याला आपल्याबरोबर बाहेर चला म्हणा. ते 'नको' म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारा.