दोन बोटं जागा

विजयमालाबाईंच्या कॉम्प्युटरनं त्या शनिवारी सांगितलं, की मुळशीपलीकडचं त्यांचं जंगल भलतंच झपाट्यानं वाढतं आहे. ते वाचून बाईंनी कपाळाला हात लावला.

जंगल वाढलं तर पेढे वाटावेत, कपाळाला हात कसला, असं कुणालाही वाटेल. पण त्या जंगलातली जाड झाडं एकदा तोडली, की पुन्हा किती वर्षांनी कुऱ्हाड लावायची हे वनखात्याला ठरवायचं होतं. झाडं जितकी भराभर वाढणार, तितकी तोडीची पाळी लवकर येणार. ते गणित टेकडीखालच्या एका संस्थेत संख्याशास्त्र करणाऱ्या बाईंकडे आलं होतं आणि सोमवारी बैठक होती. कॉम्प्युटर म्हणत होता, दर बारा वर्षांनी खुशाल तोडा. उत्तर चुकलं, तर आपल्या सहीनं जंगल बोडकं होणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

प्रोग्रॅम योगेशनं लिहिला होता. हा हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आठवडाभर परदेशी बँकांचे सन दोन हजारचे घोळ निस्तरायचा आणि सुट्टीच्या दिवशी हौसेनं बाईंची झाडं वाढवायचा. त्याला तर आनंदच झाला होता. फॉरेस्ट एकदम टॉप परफॉर्म करतंय, असं तो म्हणाला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि जंगलाला प्रमोशन देण्याआधी आकडे एकदा दाखव, असं सुचवलं.

आकड्यांत भलताच समाजवाद होता. मनगटाएवढं कोवळं जांभूळ आणि कवेत न मावणारा म्हातारा हिरडा, दोघांचा घेर वर्षभरात जवळजवळ सारखाच वाढला होता. अख्ख्या वर्गाला सरसकट तेवढेच मार्क मिळाले, की मास्तरांकडे बघावं लागतं. म्हणून बाईंनी मोजणाऱ्याचा विचार केला.

पहिल्या वर्षी वनस्पतिशास्त्राची दोन पोरं मोजायला होती. पण सगळं पुणं कॉम्प्युटरच्या क्लासला लोटलं, तेव्हा तीही गेली आणि थेट बंगळूरला पोचली. दुसऱ्या वर्षी बाईंनी आपल्या शिंप्यालाच, येरवड्याच्या रज्जाकमास्तरांना, विचारलं. रेडीमेड कपड्यांच्या पुरात मास्तरांचं दुकान नुकतंच बुडालं होतं. जन्मभर गळ्यात टेप घेऊन हिंडलेल्या माणसाला झाड मोजायला काय शिकवायचं, असं बाईंना वाटलं, आणि म्हणून त्यांनी काहीच शिकवलं नाही. खोडावर लाल रंगाचा पट्टा आहे, त्यावर टेप गुंडाळायची आणि आकडा सांगायचा, एवढंच सांगून त्या मोकळ्या झाल्या.

रविवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून संस्थेत आले. बाईंनी त्यांना आवारातल्या कडुनिंबापाशी नेलं आणि मोजून दाखवायला सांगितलं. मास्तरांनी अदबीनं टेप फिरवली, डाव्या हाताची दोन बोटं टेपच्या आत सरकवली आणि मग आकडा सांगितला.

"मास्तर, ही बोटं कशाला?" बाईंनी विचारलं.

"वाढतं अंग आहे ना, मॅडम," मास्तर म्हणाले. "थोडी जागा नको सोडायला?"

योगेश तोंड फिरवून हसायला लागला. बाईंना आधी राग आला, मग तो राग नक्की कुणावर करायचा हे कळेना, आणि शेवटी त्याही कडुनिंबाला टेकून पोट धरून हसल्या. झाडाला झबलं शिवायचं नाही, नुसता घेर हवा आहे, हे त्यांनी मास्तरांना तेव्हा कुठे सांगितलं. मास्तरांचा चेहरा मात्र पडला. अंगाबरोबर माप घेतलं तर पुढच्या ईदला कपडा उसवावा लागतो, असं अब्बांनी शिकवलं होतं, असं ते पुटपुटले. मग आजच जाऊन सगळं जंगल स्वखर्चानं पुन्हा मोजतो म्हणाले. पण उद्या बैठक होती, आणि दुसऱ्या वर्षाची मापं फेकून द्यावीत तर वाढ काढायची कशावरून? बाईंचं हसू एकदम आटलं.

योगेशला सुचलं. त्यानं मास्तरांना आवारातलं प्रत्येक झाड दोनदा मोजायला लावलं, एकदा बोटं घालून आणि एकदा न घालता. बुचाचं झालं, आंब्याचं झालं, फाटकाजवळच्या बारक्या सोनचाफ्याचंसुद्धा झालं. झाड कुठलंही असो, फरक तेवढाच येत होता. चाळीस वर्षांची सवय होती, ती झाडागणिक थोडीच बदलणार. योगेशनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली आणि मास्तरांची दोन बोटं सगळ्या जंगलातून वजा केली.

म्हातारा हिरडा पुन्हा आपल्या चालीनं वाढायला लागला. जांभळाची वाढ कोवळ्या झाडाला शोभेल अशी राहिली. तोडीची पाळी आली सत्तावीस वर्षांवर. बाईंनी मास्तरांना स्वतःच्या हातानं चहा करून दिला, आणि बाईंचा चहा कसा असतो हे ठाऊक असूनही मास्तर तो संपूर्ण प्यायले.

सोमवारच्या बैठकीला बाईंनी त्यांनाही नेलं. मापं कुणी घेतली असं कुणी विचारलंच, तर माणूस समोर असावा. वनखात्याचे साहेब अहवाल चाळत शेवटच्या पानावर थांबले.

"कॉम्प्युटर सत्तावीस म्हणतोय. तुम्ही पस्तीस का लिहिलंत?"

बाईंनी उत्तर रात्रभर घोकलं होतं. पाऊस एखाद्या वर्षी दगा देतो, वणवा लागतो, प्रोग्रॅमला सगळंच कळत नाही, असं बरंच काही त्यात होतं. ऐनवेळी त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"वाढतं अंग आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "थोडी जागा सोडली आहे."

साहेबांनी जरा विचार केला, पस्तीसच्या आकड्याखाली रेघ ओढली आणि पान उलटलं. मागच्या खुर्चीवर बसलेल्या रज्जाकमास्तरांनी हळूच मान हलवली. ट्रायलचा कपडा अंगावर नीट बसला, की ते अशीच हलवत असत.