बुर्गलचा खांदा आणि पाच पट्टे

शनिवारी सकाळी बुर्गल कासियान खोगीरवाल्याच्या दुकानात शिरली आणि पिशवीतले रायफलचे पाच पट्टे तिने त्याच्या कामाच्या फळीवर ओतले.

"यातला एकही माझ्या खांद्यावर टिकत नाही. का टिकत नाही ते सांग. सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

एक्क्याऐंशी वर्षांच्या कासियानने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "पाच? अगं, माणसाच्या पँटलाही इतके पट्टे लागत नाहीत."

बुर्गलने तीस वर्षं या दरीतल्या वरच्या वस्त्यांवर पायी टपाल वाटलं होतं. एवढ्या वर्षांत एक पाकीट तिने उघडलं नाही, पण आत काय असेल याचा अंदाज बांधल्याशिवाय एकही हातावेगळं केलं नाही. एखादी गोष्ट कळली नाही की तिला घास गिळत नसे. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली आणि ही सगळी चौकशी पट्ट्यांच्या मागे लागली.

त्याला कारणही तसंच होतं. ऑगस्टमध्ये गावच्या शिकारी मंडळाने शिकारीसाठी तिच्या वाट्याला एक म्हातारा गाम्स दिला होता. गाम्स म्हणजे कड्यांवर राहणारा रानबोकड, आणि हा तर तेरा वर्षांचा, एक शिंग मोडलेला, महाबिलंदर. म्हातारा बोकड बाईच्या वाट्याला येण्याची ही पहिलीच वेळ. सप्टेंबरात ती त्याच्यापासून दोनशे पावलांवर पोचली, तेवढ्यात चामड्याचा जुना पट्टा खांद्यावरून घसरला, रायफलचा दस्ता दगडावर आपटला आणि बोकड पसार. मग तिने रबरासारखा मऊ पट्टा आणला. तो खांद्याला लोण्यासारखा लागे, पण चालताना इतका हिंदकळे की नळी हातातल्या काठीवर वाजली. बोकड पुन्हा पसार. तिसरा दप्तरासारखा, दोन्ही खांद्यांवर घ्यायचा. तो मात्र घसरला नाही. बोकड समोर उभा राहून बघत होता आणि बुर्गल त्या पट्ट्यांतून हात सोडवत होती! चौथा दाबलेल्या लोकरीचा, नमद्याचा, पाचवा आतून खरखरीत. ते तर गावाबाहेर पडायच्या आतच कोपरापर्यंत आले.

शिकारी मंडळाचा प्रमुख रोमेडी. तो खानावळीत सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बुर्गल, बायकांच्या खांद्याला मुळातच उतार असतो. पट्टा बिचारा काय करणार? रविवारपर्यंत बघ. सोमवारी तो बोकड मी आपल्या मंडळातल्या आलोइसच्या नावावर करतो."

सगळे हसले होते. बुर्गलला ते फार लागलं. पण त्याहून जास्त तिला एका प्रश्नाने छळलं होतं. हे खरं असेल का?

"तुझ्या बायकोच्या खांद्याला उतार होता का रे?" तिने आता कासियानला विचारलं.

"तिच्या जिभेला होता. खांदे कधी नीट बघितलेच नाहीत," कासियान म्हणाला. "तो कोट घाल, आणि बंदुकीऐवजी हा लोखंडी दांडा अडकव. माझा जिना चढून उतर. एकेक पट्टा लावून."

तिने लोकरीचा जाड कोट चढवला. इथल्या प्रत्येक शिकारी कोटासारखं त्याच्या उजव्या खांद्यावर शिंगाचं बटण होतं, पट्टा अडावा म्हणून. पाच पट्टे झाले, पाच वेळा जिना झाला. दप्तरासारखा सोडला तर चारही वेळा पट्टा बटणावरून उडी मारून खाली आला.

"पट्ट्यांत खोट नाही," कासियान म्हणाला. "हा जुना तर माझ्याच हातचा आहे. त्याला नावं ठेवू नकोस."

"मग खोट माझ्यात?"

"मी असं कुठं म्हटलं? डोकं चालत नाही, थोडा चहा टाकतो. तोवर ही अवजारांची पिशवी मागच्या गोठ्यात ठेवून ये, आणि येताना चार लाकडं आण."

बुर्गल गेली, लाकडं घेऊन आली, ती चुलीपाशी रचली, वर कासियानच्या कपाटातली साखर सापडत नाही म्हणून त्याला चार शब्द सुनावले. कासियान तिच्याकडे टक लावून बघत होता.

"पिशवी ठेवलीस?"

बुर्गलने खाली बघितलं. अवजारांची जड पिशवी तिच्या डाव्या खांद्यावर तशीच लटकत होती. वाकताना, लाकडं रचताना, कपाटाकडे हात उंचावताना ती जागची हलली नव्हती.

"टपालाची पिशवी कुठल्या खांद्यावर असायची गं?" कासियानने हळूच विचारलं. "मी तीस वर्षं या खिडकीतून बघतोय. कधी घसरलेली आठवत नाही."

त्याने तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही खांद्यांवर खुणा केल्या. डावी खूण उजवीपेक्षा चांगली अंगठाभर वर होती. ओझं सावरता सावरता तो खांदा कायमचा उचललेलाच राहिला होता.

"म्हणजे उतार बायकांचा नाही, टपालखात्याचा!" बुर्गल लहान मुलीसारखी हसली. आणि लगेच तिचा चेहरा पडला. "पण कासियान, डाव्या खांद्यावर कशी घेऊ?"

या दरीत रायफल वर जाताना उजव्या खांद्यावर असते. डाव्यावर येते ती फक्त उतरताना, तेही शिकार झाली असेल तरच. खिडकीतून डावा खांदा दिसला की शेजारीण शिकारीचं काळीज परतायला तवा चढवते. शिकार न करता डाव्या खांद्याने फिरणारा म्हणजे थापाड्या. म्हणून तर इतक्या वर्षांत दुसरा खांदा वापरून बघावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. बुर्गलच्याही नाही.

"गावाबाहेरच्या चॅपलपर्यंत उजव्यावर ने, पुढं बदल," कासियान म्हणाला. "कोण बघतंय?"

"रोमेडी बघतोय. दारातल्या बाकावर दुर्बीण लावून बसलेला असतो दिवसभर. आणि चोरासारखा खांदा बदलू कशाला? तीस वर्षं या रस्त्यावरून उजळ माथ्याने फिरले मी."

रविवारी उजाडताना ती निघाली. जुना चामड्याचा पट्टा, डावा खांदा. पहिल्याच वळणावर शेजारच्या आफ्राची खिडकी उघडली.

"अगंबाई, झाली शिकार? इतक्या सकाळी? थांब, तवा टाकते!"

"टाकू नकोस, मी आत्ता निघालेय!"

"मग बंदूक अशी का?"

"आल्यावर सांगते."

पुढे बाकावर रोमेडी होताच. त्याने दुर्बिणीतून नुसतंच वर-खाली पाहिलं. "अजून गेली नाहीस, तोवर बढाई?"

"खांद्याला विचार," बुर्गल म्हणाली आणि चालती झाली. तिचे कान तापले होते. शंभर पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की पट्ट्याला एकदाही हात लावावा लागला नव्हता.

वर बर्फ गुडघ्याच्या खाली होतं. तीन तास ती चढली आणि त्या तीन तासांत रायफल तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. मोडक्या शिंगाचा बोकड धारेखालच्या खडकावर उन्हात उभा होता. ती बर्फावर पसरली, तेव्हा पट्टा आपणहून खांद्यावरून उतरून कोपराभोवती आला, टपालाची पिशवी दारात उतरायची तसा. एकच बार झाला. बोकड जागीच कोसळला. बुर्गल बराच वेळ त्याच्याजवळ टोपी काढून बसून राहिली. तिला रडू आलं, आणि ते तिने येऊ दिलं.

बोकड तिने वरच्या झोपडीत थंडीत टांगला, काळीज कापडात बांधून पिशवीत घेतलं आणि फरच्या झाडाची एक डहाळी तोडून खिशात ठेवली. टोपीत खोवली नाही. शिकार झाली की डहाळी शिकाऱ्याला दुसऱ्याने द्यायची असते.

ती उतरली तेव्हा उन्हं कलली होती. रायफल डाव्या खांद्यावर. खिडक्यांतून माणसं बघत होती, पण सकाळीही तीच बंदूक त्याच खांद्यावर होती, मग समजायचं काय? कुणी तवा चढवेना. पडदे हलत राहिले. शेवटी आफ्रा ओले हात पुसत रस्त्यावर आली, मागोमाग आणखी दोघं-तिघं. रोमेडी बाकावरून उठला. उठायची त्याची इच्छा नव्हती, पण राहवेना.

"काय झालं?" त्याने विचारलं.

बुर्गलने खिशातली डहाळी काढून त्याच्या हातात ठेवली.

रोमेडीने डोक्यावरची टोपी काढली, टोपीवर डहाळी ठेवली आणि दोन्ही हातांनी बुर्गलपुढे धरली. त्याच्या टकलाला थंडी वाजत असणार. "अभिनंदन, बुर्गल," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. तिने डहाळी टोपीत खोवली.

"पट्टा कुठला घेतलास गं शेवटी?" त्याने खालच्या आवाजात विचारलं. "माझाही हल्ली घसरतो."

"कासियानकडे जा," बुर्गल म्हणाली. "त्याच्या दाराच्या चौकटीला टेकून उभा राहा. उतार किती आहे ते तो पेन्सिलीने सांगतो."

मग ती आफ्राकडे वळली, पिशवीतून कापडाचं गाठोडं काढलं आणि तीस वर्षं ज्या सुरात प्रत्येक दारात हाक दिली, त्याच सुरात म्हणाली, "टपाल!"