निळ्या वायरीचे दुसरे टोक

जुन्या चर्चमध्ये आवाज वायरीतून जायचा आणि वायर हाताला लागायची. मानासेला एवढे पुरेसे होते. माईक मुका झाला की तो गुडघ्यांवर बसायचा, वायर बोटांत धरून बाकांखालून सरपटत निघायचा, आणि कुठेतरी उंदराने कुरतडलेली जागा सापडायचीच. तिथे चिकटपट्टी गुंडाळली की पाद्रीबाबा पुन्हा गावभर ऐकू यायचे. लग्न असो, मयत असो, मे महिन्यातला मुलांचा रविवार असो, मागच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत मानासेच. सुरण लावण्यात आणि डुकरे राखण्यात तो चारचौघांसारखा होता. त्या खुर्चीत बसला की मात्र तो कुणीतरी असायचा, आणि त्याचा त्याला बऱ्यापैकी गर्वही होता.

मग नवा हॉल बांधून झाला. तोंगा सोडून ऑकलंडला स्थायिक झालेल्या गावकऱ्यांनी त्यासाठी नवीकोरी यंत्रणा धाडली. माईक, स्पीकर, कॅमेरे, पडदे, सगळे एकाच जाळ्यात. जाड वायरींचे भेंडोळे गेले आणि भिंतीतून एक मरतुकडी निळी वायर आली. आवाजही म्हणे तिच्यातूनच जातो, चित्रही तिच्यातूनच जाते, आणि दिवे मंद कर, पडदा खाली घे असले हुकूमही तिच्यातूनच सुटतात.

"या वायरीत पाद्रीबाबा कुठले आणि गाणारे कुठले, हे ओळखायचं कसं?" मानासेने विचारले.

"ओळखायचं नाहीच. पत्त्यावर विश्वास ठेवायचा," ऑकलंडहून व्हिडिओ कॉलवर शिकवणारा रॉस म्हणाला. "टपालासारखं समज. आवाजाचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. प्रत्येक यंत्राचा पत्ता वेगळा. दोघांना एकच पत्ता द्यायचा नाही. एवढं कळलं की अर्धी शिकवणी झाली."

मानासेच्या गावात पत्ता म्हणजे ‘नीरफणसाच्या मागे, लाल पत्र्याचं घर’. इथे आकड्यांच्या माळा होत्या. आकड्यांचे त्याला वावडे नव्हते. फळ्यावर आकड्यांत लिहिलेली भजने गातच तो मोठा झाला होता. पण तोंगाच्या त्या भजनांत पहिला सूर तीन या आकड्याने लिहितात आणि हे मेले पत्ते एकपासून सुरू व्हायचे. एक आणि दोन हे सूरच नव्हेत. जे गाता येत नाही ते पाठ कसे करायचे, हा त्याचा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर रॉसने पाठवलेल्या एकाही व्हिडिओत नव्हते. होते ते सगळे व्हिडिओ प्रत्येक वाक्यानंतर ‘सोपं आहे’ म्हणणारे. ज्याला येते त्याला सगळेच सोपे असते. मानासे चिडून लॅपटॉप मिटायचा, बाहेर जाऊन एखाद्या डुकराला उगाच हाकलायचा, आणि परत येऊन तोच व्हिडिओ पहिल्यापासून लावायचा.

एकदा रॉसने सांगितले, "शेवटचा आकडा तू तुझ्या मनाने दे." झाले. मानासे दुपारभर डोके खाजवत बसला, कारण मनाने म्हणजे मानाने, दुसरे कसे देणार? पाद्रीबाबांच्या माईकला एक. गावचे सरदार येतात तेव्हा त्यांच्यापुढे ठेवायच्या माईकला दोन. तीन त्याच्या बहिणीला, म्हणजे गाणाऱ्यांची प्रमुख लाविनिया हिला. मग कारभारी, मग पडदे, मग कॅमेरे, आणि सगळ्यांच्या खाली आपले स्वतःचे टेबल. मांडणी पाहून त्याचे त्यालाच समाधान वाटले. त्याने बटण दाबले आणि पडद्यावरचा रॉस तोंड उघडे ठेवून तसाच थिजला. हॉलचे इंटरनेटच गेले.

"एक नंबर कुणाला दिलास?" रॉसने मग मोबाईलवर विचारले.

"पाद्रीबाबांना."

"अरे, एक नंबर बाहेर जायच्या दरवाज्याचा असतो. दुसऱ्या व्हिडिओत सांगितलंय मी."

"दरवाज्याला पहिला मान?"

"मान कसला, मित्रा. नुसता आकडा आहे तो. तुझ्या पाद्रीबाबांना दोनशे दे."

"दोनशेव्या जागेवर बसवू त्यांना? तूच ये आणि तूच सांग."

शेवटी त्याने दिले दोनशे, आणि ही गोष्ट गावात कुणाजवळ काढली नाही. रात्री जेवताना मात्र बायकोपुढे, फिपेपुढे, त्याने सगळी मळमळ ओकली.

"अहो, मग सोडा की," फिपे म्हणाली. "काव्हाच्या वाट्या झोकत बसा बाकीच्या पुरुषांसारखे."

"आणि खुर्ची?"

खुर्चीचे फिपेलाही ठाऊक होते. पाद्रीबाबांनी चर्चच्या दारात उभे राहून स्पष्टच सांगितले होते, "रविवारी उद्घाटन. सरदार येणार, ऑकलंडची मंडळी घरी बसून बघणार. शनिवारच्या तालमीला सगळं चाललं तर खुर्ची तुझीच. नाहीतर तिकडची माणसं तिकडूनच चालवतील, तशी सोय आहे म्हणे. वाईट वाटून घेऊ नकोस." वाईट वाटून घेऊ नकोस म्हणणारा माणूस वाईट वाटेल असेच काहीतरी सांगत असतो.

शनिवारी सकाळी सगळे चालले. खरोखर चालले. मानासेने पाद्रीबाबांच्या माईकवर खोकून पाहिले, खोकला मागच्या भिंतीपर्यंत गेला. कॅमेरा वळला, दिवे मंद झाले, पडदा उतरला. त्याने लाल बटण दाबून माईक मुका केला, पुन्हा दाबून बोलता केला, आणि पोरासारखे हे दोन-चारदा केले. मग निवांत मनाने घरी जाऊन लू, म्हणजे अळूच्या पानांत भाजलेले मांस, खाल्ले, वर नारळाचे पाणी प्यायला.

परत आला तर हॉल मेलेला. पडदे काळे, स्पीकर मुके. भिंतीवरच्या ज्या पेटीत सगळ्या निळ्या वायरी जमतात, तिचे सगळे हिरवे दिवे एकदम, एकाच तालात वेड्यासारखे फडफडत होते. इकडे तालमीची वेळ झालेली. गाणारे आत आले, उकाड्याने बेजार झाले, आणि लाविनिया सगळ्यांना घेऊन बाहेर झाडाखाली जाऊन बसली.

"सगळे दिवे एकदम?" रॉस फोनवर म्हणाला. "मग कुणीतरी एकाच वायरीची दोन्ही टोकं भिंतीत खोचलीत. तुकडे नुसते गोल गोल फिरतायत, दुसऱ्या कुणाला वाटच मिळत नाही. शोधत काय बसतोस, आत कोण कोण येऊन गेलं त्यांना विचार. एका मिनिटाचं काम आहे."

मानासेने विचारले. झाडणाऱ्या बायांना विचारले, फुले लावणाऱ्यांना विचारले, कारभाऱ्यांना विचारले, झाडाखालच्या पुरुषांना एकेकाला बाजूला घेऊन विचारले. लाविनियाला विचारले नाही. ती धाकटी होती, पण तोंगात बहीण ती बहीण. भावाने तिच्यापुढे आवाज चढवायचा नाही, तिच्यासोबत बसून हसायचे-खिदळायचे नाही, आणि ‘हे तू केलंस का’ असे तर जन्मात विचारायचे नाही. असले विचारणे म्हणजेच आरोप. काही फारच अडले तर फिपेमार्फत निरोप, आणि फिपे त्या वेळी घरी उद्याच्या उमूत, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत, रांधायची पाने निवडत होती.

तेव्हा तो जमिनीवर आडवा झाला आणि एकेका भोकापाशी जाऊन वायरी ओढून पाहू लागला. चांगल्या शर्टाची धूळधाण झाली, पोशाख म्हणून कमरेला गुंडाळलेली चटई सुटली. जुनी वायर असती तर केव्हाच सापडली असती. या निळ्या वायरी सगळ्या सारख्या, सगळ्या भिंतीत शिरणाऱ्या, आणि भिंतीतून पुढे कुठे जातात ते देवाला ठाऊक. डोळ्यांत पाणी आले ते धुळीने की संतापाने, हे त्यालाही सांगता आले नसते. दोन तास गेले.

सापडली ती गाणाऱ्यांच्या बाकांमागे. तिथे त्याने पियानोसाठी म्हणून एक वायर ठेवली होती, एक टोक भिंतीत, दुसरे मोकळे. आता ते मोकळे टोक शेजारच्याच भोकात बसलेले होते. उरलेल्या वायरीची सुबक गुंडाळी करून तिला पांढऱ्या विणकामाच्या दोऱ्याने बांधले होते, वर फुलासारखी गाठ. गावात तशी गाठ एकच बाई मारते. भजनांचे कागदही ती तसेच बांधते.

मानासेने टोक उपटले, दोरा सोडून खिशात घातला, आणि स्पीकरमधून मोठा ढुम्म आवाज होऊन हॉल जिवंत झाला.

आवाज ऐकून पाद्रीबाबा आत आले, त्यांच्यामागून सगळे गाणारे. लाविनिया दारातच पंख्याने वारा घेत थांबली.

"काय झालं होतं?" पाद्रीबाबांनी विचारले.

"वायर चुकीच्या जागी लागली होती."

"कुणी लावली?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. खरे सांगितले असते तर खुर्ची वाचली असती, हे त्याला ढळढळीत दिसत होते.

"मीच," मानासे म्हणाला.

पाद्रीबाबांनी सुस्कारा टाकला. "हे उद्या सरदारांसमोर झालं असतं तर? तू मेहनत केलीस, मला दिसतं. पण उद्या ऑकलंडच्या माणसालाच चालवू दे. तू खाली बस, आरामात."

घरी फिपेने खिशातला दोरा पाहिला आणि तिला सगळे कळले. "तोंडात मिठाची गुळणी धरली होती का तुम्ही?"

"हळू बोल."

"का हळू? वन्संनी वायर खोचायची आणि तुम्ही खुर्ची सोडायची?"

"त्या टोकाला मी चिठ्ठी लावली असती, तर तिने..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते."

"सांगायचं नाही," तो म्हणाला, इतका कडक की फिपे पाने निवडायला परत गेली. तिने हो म्हटले नव्हते, हे त्याच्या लक्षात आले नाही.

रविवारी हॉल खचाखच भरला. मानासे शेवटच्या बाकावर बसला, कडेला, आपल्या रिकाम्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. टेबलावरची बटणे आपोआप वरखाली होत होती. ऑकलंडमध्ये बसलेला रॉस ती हलवत होता. पाद्रीबाबांची प्रार्थना स्वच्छ ऐकू आली, दिवे वेळेवर मंद झाले. एक चूक झाली नाही. मानासेला त्याचा इतका राग आला की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मग लाविनिया पुढे आली. गाणारे उभे राहिले. पुढच्या बाकावरून फिपेने मान वळवून नवऱ्याकडे पाहिले, आणि तिने लाविनियाला सांगून टाकले आहे, हे त्याने तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखले.

लाविनियाने हात वर केला आणि पुन्हा खाली घेतला. "गाण्याआधी थोडं बोलायचंय," ती माईकमध्ये म्हणाली. "काल हे सगळं बंद पडलं ते माझ्यामुळे. एक टोक लोंबत होतं. वाईट दिसत होतं, म्हणून मी भिंतीत खोचलं."

सरदार तिच्याकडे बघू लागले. पाद्रीबाबा अर्धवट उठले. ऑकलंडमध्ये शेकडो घरांत हे जात होते, आणि रॉसला तोंगाच्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता. भजन आहे की कबुली, त्याला काय ठाऊक. मानासे उठला, खुर्ची सरकवून टेबलापाशी गेला आणि तिच्या माईकच्या लाल बटणावर त्याने बोट ठेवले. दाबले की ती मुकी. बहिणीची चारचौघांतली शोभा तिथेच थांबली असती.

"मानासेला ते कळलं होतं. त्याने माझं नाव घेतलं नाही," लाविनिया म्हणत होती. "तुम्ही म्हणाल, केवढा मान ठेवला बहिणीचा. मला मात्र संताप आलाय. तो दोन तास जमिनीवर लोळत वायर शोधत होता आणि मी बाहेर झाडाखाली वारा घेत बसले होते. गावातल्या सगळ्यांना विचारलंस ना, मानासे? झाडणाऱ्या बायांनासुद्धा. मला विचारलं असतंस तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं."

मानासेचे बोट तसेच बटणावर होते.

"पण मला विचारायचं नाही. मला कधीच कुणी काही विचारत नाही. सूर उतरला तरी भाऊ सांगत नाहीत, लू अळणी झालं तरी मुकाट्याने खातात. माझी चूक काय झाली ते मला दुसऱ्यांकडून कळतं, सगळं होऊन गेल्यावर." ती थांबली. पुढचे शब्द तिने इतके हळू उच्चारले की मधल्या बाकांवरचे लोक माना पुढे काढू लागले. "मला एकटं पडल्यासारखं होतं रे."

मानासेने लाल बटणावरचे बोट उचलले आणि तिचा आवाज थोडा वाढवला, शेवटच्या बाकापर्यंत जाईल इतका.